बहावा लावण्यापूर्वी पिशवीतील मुळे पाहा : सोलापूर जिल्ह्यासाठी मृगापूर्वीचा सल्ला

जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग नक्षत्र लागेल आणि बांधावर, वस्तीच्या वाटेवर, घरापुढे बहावा लावण्यासाठी रोपे नेणाऱ्यांची रोपवाटिकांत गर्दी होईल. पारा चाळिशीपार गेला असताना पिवळ्या घोसांनी लगडणारे हे झाड सर्वांना हवेसे वाटते आणि आपल्या कोरड्या हवेला ते मानवतेही. परंतु वळवाच्या वाऱ्यात मुळासकट आडवी झालेली सहा-सात वर्षांची झाडे मी वारंवार पाहिली आहेत, आणि बहुतेक ठिकाणी खोडाखाली एकच गोष्ट आढळली : पिशवीच्या आकारातच दोरखंडासारखी वेटोळी घातलेली मुळे. काही झाडांच्या बुडाशी काळ्या प्लास्टिकचा तुकडा तसाच होता. त्या शेतकऱ्यांनी खत दिले होते, पाणी दिले होते, राखणही केली होती. लावताना मूळ मात्र कोणी पाहिले नव्हते.

बहाव्याचे रोप पहिल्या वर्षी वर फारसे वाढत नाही, कारण त्याचा जोर सोटमूळ खाली उतरवण्यावर असतो. लहान पिशवीत हे मूळ काही महिन्यांतच तळाला टेकते, वळते आणि कडेने फिरू लागते. जमिनीत गेल्यावर हा वेढा आपोआप सुटत नाही. मुळे जाड होतील तसा तो आवळत जातो आणि वर पसरलेले झाड खाली पिशवीएवढ्याच आधारावर उभे राहते. म्हणून दोन-तीन वर्षे पिशवीत राहिलेले सहा फुटी रोप जास्त पैसे मोजून आणू नये. दोन फुटांच्या आसपासचे, वर्षाच्या आतले रोप घ्यावे आणि घेताना खोड हलवून पाहावे. ते मातीत सैल डोलत असेल किंवा पिशवीच्या तळातून पेन्सिलीएवढे मूळ बाहेर आले असेल, तर असे रोप फुकट मिळाले तरी नको.

लावताना पिशवी पूर्ण फाडून काढावी. मातीच्या गोळ्याचा तळाचा बोटभर थर धारदार पात्याने कापावा आणि बाजूंनी तीन-चार उभे छेद द्यावेत. रोप दुखावेल या भीतीने अनेक जण हे टाळतात, परंतु कापलेल्या टोकांतूनच नवी मुळे बाहेरच्या दिशेने फुटतात.

ज्यांना घाई नाही त्यांनी बी थेट खड्ड्यात लावावे, म्हणजे पिशवीचा प्रश्नच उरत नाही. वाळलेल्या शेंगेतील काळा मगज धुऊन बी काढावे, त्याचे कठीण कवच खडबडीत दगडावर थोडे घासावे, बी रात्रभर पाण्यात ठेवावे आणि एका खड्ड्यात तीन-चार बिया टाकून पुढे एकच जोमदार रोप राखावे. हेच कवच मऊ करण्याची गंधकाम्लाची प्रक्रिया रोपवाटिकांसाठी आहे. ती घरी मुळीच करू नये.

आता खड्ड्याविषयी, कारण तेथेही हीच चूक वेगळ्या रूपाने होते. मंगळवेढ्याकडील भारी काळ्या जमिनीत पावसानंतर खड्डा खणला की फावड्याने त्याच्या कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. त्यात बाहेरून आणलेली लाल माती आणि भरपूर खत भरले की मुळांना बाहेर जाण्याचे कारणच राहत नाही आणि खड्डा हीच दुसरी पिशवी होते. शिवाय सप्टेंबरात आपल्याकडचा मोठा पाऊस येतो तेव्हा याच खड्ड्यात पाणी साचून मुळे कुजतात. म्हणून खड्डे जमीन कोरडी आहे तोवर, याच आठवड्यात खणावेत, कडा टिकावाने खरबडाव्यात आणि मुख्यतः तिथलीच माती परत भरावी. भारी जमिनीत रोप आजूबाजूपेक्षा वीतभर उंचवट्यावर लावून पाण्याला चर काढून द्यावा. सांगोल्याकडील मुरमाड माळावर पाणी साचण्याचा धोका कमी आहे, परंतु खालचा कठीण थर पहारीने फोडल्याशिवाय तेथेही मूळ वळते.

इतर कामे :
- खड्डा : 60 × 60 × 60 सेंमी
- अंतर : 6 मीटर
- शेणखत : 10 किलो, चांगले कुजलेले
- निंबोळी पेंड : अर्धा किलो, वाळवीसाठी
- लागवड : जमीन खोलवर ओली झाल्यावरच, पहिल्या सरीवर नको
- आधार : बांबू, सैल सुतळी, वर्षभराने काढावा
- आच्छादन : पाचट किंवा ज्वारीची धसकटे, खोडापासून चार बोटे दूर

पाणी खोडाशी ओतू नये. पहिल्या उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी 15 ते 20 लिटर पाणी खोडापासून दीड फुटावरच्या गोल आळ्यात द्यावे आणि दुसऱ्या वर्षी आळे तीन फुटांवर सरकवावे. ओल जिकडे, मूळ तिकडे जाते. मोठ्या झाडाचे पाणी मात्र माघापासून तोडावे. पानगळ नीट झालेले झाड अधिक भरून फुलते, असा माझा अनुभव आहे. याला कोणत्याही शिफारशीचा आधार मी देत नाही.

दुकानात ह्युमिक ॲसिड, मुळे वाढवणारी संजीवके आणि फुलोऱ्याच्या बाटल्या पुढे केल्या जातील. त्या घेऊ नयेत, कारण गुंडाळलेले मूळ कोणत्याही बाटलीने सरळ होत नाही. पावसाळ्यात पाने खाणाऱ्या हिरव्या अळ्या पिवळसर फुलपाखरांच्या असतात. मोठ्या झाडावर त्यांना हात लावू नये, लहान रोपावर वेचाव्यात किंवा 5 टक्के निंबोळी अर्क फवारावा. सप्टेंबरात बुंध्याशी कूज दिसल्यास आधी साचलेले पाणी काढावे आणि मगच कॉपर ऑक्सिक्लोराइड 3 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात मिसळून मुळाशी ओतावे.

ज्यांची झाडे दोन-तीन वर्षांची आहेत, त्यांनी पहिला चांगला पाऊस झाल्यावर बुंध्याभोवतीची माती हाताने वीतभर खोल उकरून पाहावी. खोडाला वेढा घालणारे मूळ दिसल्यास ते करवतीने कापावे. दोन-तीन जाड मुळे असतील तर एका वर्षी एकच कापावे, त्या काळात झाडाला बांबूचा आधार द्यावा आणि माती पुन्हा सैलसर लोटावी.