वांग्याच्या मान टाकलेल्या शेंड्यापासून सुरुवात करा

शेंडे आणि फळे पोखरणारी अळी फवारून का आटोक्यात येत नाही, ते बघायचे असेल तर मान टाकलेला एक शेंडा उभा चिरा. मी चिरला तेव्हा आत गुलाबट अळी होती आणि भोक तिच्याच विष्ठेने बुजलेले. अंड्यातून निघाली की काही तासांत ती आत शिरते. मग वरच्या औषधाचा तिला काय त्रास? दोन हंगाम मी दर आठवड्याला फवारले. अळी राहिली, मित्रकीटक गेले.

म्हणून पहिले काम हाताचे. आठवड्यातून दोनदा ओळीओळीने फिरा. सुकलेला शेंडा पोखरलेल्या भागाच्या बोटभर खालून छाटा. बांधावर टाकू नका, अळी पालापाचोळ्यात कोषात जाते आणि पतंग होऊन परत तुमच्याच वांग्यावर येते. पिशवीत गोळा करून जाळा. किडकी फळेही त्याच पिशवीत. छाटल्यावर झाड नवे फुटवे काढते, छाटायला कचरू नका.

सोबत कामगंध सापळे लावा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे. ल्यूर, म्हणजे सापळ्यातली वासाची गोळी, वांग्याच्याच अळीसाठीचा मागून घ्या. हरभऱ्याच्या घाटेअळीच्या ल्यूरकडे हा पतंग फिरकत नाही.

रस शोषणाऱ्या किडींसाठी आणि नुकत्या निघालेल्या अळ्यांसाठी 5 टक्के निंबोळी अर्क. 5 किलो निंबोळीची भरड 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी ढवळून फडक्यातून दोनदा गाळा, नाहीतर नोझल तुंबतो. 1 लिटर पाण्यात विरघळवलेला 200 ग्रॅम साबण मिसळा आणि एकूण 100 लिटर करा. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालूनही फवारा. उन्हात त्यातला कडू अंश लवकर नासतो. दुसऱ्या दिवशी मेलेल्या किडी शोधू नका. अर्काने किडीचे खाणे आणि वाढ थांबते, म्हणून फरक सावकाश दिसतो.

सगळ्यात अवघड असते ते रासायनिक फवारणी थांबवल्यानंतरचे दिवस. मावा, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, आधी वाढतो, त्याला खाणारे मागून येतात. तेव्हा हात पंपाकडे जातोच, माझाही गेला होता. आधी पान उलटून बघा. काळी, लांबट, नारिंगी ठिपक्यांची अळी दिसली तर ती ढालकिड्याची, म्हणजे मावा खाणाऱ्या लेडीबर्डची. मी तिला कीड समजून चिरडत असे, तुम्ही तसे करू नका. फुगून तपकिरी, कडक झालेला मावा दिसला तर तेही पान राहू द्या. त्याच्या आत इवल्या परोपजीवी गांधीलमाशीचे पिल्लू वाढत असते. पाठीला गोल भोक पाडून ती बाहेर पडते आणि पुढच्या माव्यात अंडे घालते.