स्तनाच्या कर्करोगानंतरचे लैंगिक आरोग्य: त्रास अंगावर काढू नका

शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी संपली, केस पुन्हा येऊ लागले, की आता सारे सुरळीत झाले असे घरच्यांना वाटते. परंतु अनेक स्त्रियांना एक त्रास नेमका याच सुमारास जाणवू लागतो. संबंधांच्या वेळी आग होते, दुखते, किंवा मुळात इच्छाच होत नाही, आणि ‘जीव वाचला, आता याची काय तक्रार करायची’ असे म्हणून त्याविषयी कोणाजवळही बोलले जात नाही. हा उपचारांचा दुष्परिणाम आहे, केस गळण्याइतकाच खरा, आणि त्यावर करण्यासारखे बरेच काही आहे.

केमोथेरपीमुळे अंडाशयांचे काम मंदावून रजोनिवृत्ती अकाली येऊ शकते. त्याशिवाय लेट्रोझोल किंवा अनास्ट्रोझोलसारख्या गोळ्या, ज्या साधारणपणे ५ वर्षे आणि कधी त्याहूनही अधिक काळ घ्याव्या लागतात, शरीरातील इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचे प्रमाण फार खाली आणतात. त्यामुळे योनीमार्गाचे अस्तर पातळ आणि कोरडे होते.

म्हणून सुरुवात कोरडेपणापासून करावी. येथे मॉइश्चरायझर आणि ल्युब्रिकंट यांत बऱ्याचदा गल्लत होते. योनीमार्गासाठीचे हार्मोनविरहित मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा, रात्री झोपताना, संबंध असोत वा नसोत, नियमाने लावायचे असते, आणि त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात. ल्युब्रिकंट मात्र संबंधांच्या वेळी, दोघांनीही, दुखू लागण्याची वाट न पाहता सढळ हाताने लावावे. पाण्याचा अंश असलेले लवकर सुकते, सिलिकॉनचे जास्त टिकते, तर तेलामुळे लेटेक्सचा कंडोम फाटू शकतो. सुगंधी किंवा ऊब देणारी उत्पादने टाळावीत. एवढे करूनही दुखत राहिले, तर दुखण्याच्या धास्तीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळले जात असण्याची शक्यता असते; हे स्नायू सैल सोडायला शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात. योनीमार्गात वापरायचे कमी मात्रेचे इस्ट्रोजेन हाही एक पर्याय आहे, पण तो कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मुळीच वापरू नये.

पाळी थांबली म्हणजे गर्भधारणा होणारच नाही, असे समजू नये. या आजारानंतर अनेकींना दिल्या जाणाऱ्या टॅमॉक्सिफेन या हार्मोनविरोधी गोळीमुळे गर्भाला अपाय होऊ शकतो, आणि हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या या आजारानंतर चालत नाहीत. म्हणून कंडोम किंवा तांबी यांविषयी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

शरीराशी पुन्हा ओळख व्हायला वेळ लागतो, आणि माझ्या मते घाई इथेच सर्वांत जास्त नडते. छातीवरचा व्रण आधी एकटीने आरशात पाहावा; त्याभोवतीची त्वचा बधिर असेल, आणि स्तनाची पुनर्रचना झाली असली तरी पूर्वीची संवेदना पूर्णपणे परत येईलच असे नाही. मग एखाद्या निवांत वेळी जोडीदाराचा हात आपल्या हातात धरून तो व्रणाच्या कडेवर ठेवावा आणि कुठे काही जाणवत नाही, कुठे दुखते, कुठे बरे वाटते, हे सांगावे. जोडीदार दूर राहतो तो पुष्कळदा नावड म्हणून नव्हे, तर आपला धक्का लागेल या भीतीने. काही आठवडे संभोग करायचाच नाही, फक्त जवळीक आणि स्पर्श, असे दोघांनी ठरवले, तर मनावरचा ताण बराच हलका होतो.

डॉक्टरांसमोर शब्द सुचत नसतील, तर घरूनच कागदावर लिहून न्यावे: ‘गोळ्या सुरू झाल्यापासून संबंधांच्या वेळी दुखते, यावर काय करता येईल?’ या त्रासापायी गोळ्या परस्पर बंद करू नयेत. औषध बदलून पाहता येते. नैराश्य किंवा अंगातून येणाऱ्या गरम वाफांसाठी औषध मिळणार असेल, तर टॅमॉक्सिफेन चालू असल्याचे आवर्जून सांगावे, कारण पॅरॉक्सेटीनसारख्या काही औषधांमुळे त्याचा परिणाम कमी होऊ शकतो. आणि संबंधांनंतर किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला, तर पुढच्या ठरलेल्या तपासणीपर्यंत न थांबता लगेच दाखवावे.