बेळगाव भागात नव्याने येणाऱ्या गलाई बांधवांसाठी: कमरेच्या पिस्तुलाला सेफ्टी असावी का?

विटा, आटपाडी, तासगाव या आपल्या भागातून गलाईच्या (सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) आणि सराफीच्या धंद्यासाठी बेळगाव, निपाणी, गोकाक, अथणीकडे येणाऱ्या अनेकांकडे शस्त्राचा परवाना असतो, किंवा इथे स्थिरावल्यावर तो काढण्याचा विचार असतो. दुकानाची जागा, भाड्याचे घर आणि मुलांच्या शाळा हे विषय मार्गी लागले की जुन्या माणसांना हमखास विचारला जाणारा प्रश्न असा की, रोज जवळ बाळगायच्या पिस्तुलाला हाताने लावायची सेफ्टी, म्हणजे चाप (ट्रिगर) चालू न देणारा खटका, असावी की नसावी. अनेक वर्षे इथेच धंदा केल्यानंतर माझे मत असे आहे की, आपल्यासारख्या माणसाच्या पिस्तुलाला ती असावी. मात्र तिच्याकडून नेमकी कोणती अपेक्षा ठेवायची, हे आधी समजून घ्यायला हवे.

सेफ्टी नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा सरळ आहे. प्रसंग ओढवला की हात कापतात, अंगठा खटक्यावरून निसटतो आणि चाप ओढूनही गोळी सुटत नाही. हा मुद्दा खोटा नाही. पण तो मांडणारे बहुतेक जण परदेशातील चित्रफिती पाहून बोलत असतात आणि त्यांच्या डोळ्यांसमोर 1982 मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने स्वीकारलेल्या ग्लॉकच्या धर्तीची पिस्तुले असतात. त्या पिस्तुलांत चापाच्या मध्यभागी एक छोटी पट्टी असते आणि आत फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) अडवून धरणारा ठोकळा असतो, त्यामुळे बाहेरचा खटका नसला तरी पिस्तूल खाली पडून गोळी सुटण्याची शक्यता फार कमी राहते. ती बहुधा 9 मिमीची असतात आणि ते बोर (नळीचे माप) सामान्य नागरिकाच्या परवान्यावर मिळत नाही. आपल्या हाती येते ते बत्तीस बोरचे पिस्तूल, मग ते सरकारी कारखान्यातले असो किंवा वडिलांच्या परवान्यावरून वारसाहक्काने आलेले जुने ब्राउनिंग किंवा वॉल्थर असो. जुन्या रचनेच्या अनेक पिस्तुलांत फायरिंग पिन अडवणारा ठोकळा नसतो आणि चापही हलका असतो, म्हणून ग्लॉकवाल्याचा युक्तिवाद जसाच्या तसा त्यांना लावता येत नाही. शिवाय 2017 मध्ये अमेरिकी लष्कराने निवडलेल्या सिगच्या एम 17 पिस्तुलाला अंगठ्याची सेफ्टी आहे, तेव्हा आधुनिक पिस्तुलाला ती नकोच असे जगभर ठरून गेले आहे, असेही नाही.

माझे मत मात्र यंत्रापेक्षा इथल्या दिनक्रमावर अधिक उभे आहे. सोने-चांदी घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या आयुष्यात पिस्तूल उपसण्याचा प्रसंग बहुधा कधीच येत नाही, पण ते कमरेवरून काढण्याचा आणि परत ठेवण्याचा प्रसंग दिवसातून अनेकदा येतो. डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात, कोर्टात, बँकेच्या लॉकरमध्ये, मंगल कार्यालयात किंवा सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाताना ते कुठेतरी काढून ठेवावेच लागते. अपघाताची खरी जागा ही आहे. दुचाकीवरून उतरल्यावर शर्टाचे टोक होल्स्टरच्या (पिस्तुलाच्या म्यानाच्या) तोंडात गेलेले असते, एका हातात मालाची पिशवी असते, आणि घाईने पिस्तूल आत दाबताना कापडाची ती घडी चापाभोवतीच्या कडीत अडकते. कापड बोटाइतक्याच जोराने चाप ओढू शकते. अशा वेळी लावलेली सेफ्टी माणसाचा पाय वाचवते, आणि माझ्या लेखी तिचा मुख्य उपयोग हाच आहे. अंगठ्याची सेफ्टी मुळातच अशा गरजेतून आली. अमेरिकेच्या कोल्ट 1911 पिस्तुलावर ती घोडदळाच्या मागणीवरून बसवली गेली, कारण स्वाराचा एक हात लगामात गुंतलेला असे आणि भरलेले पिस्तूल दुसऱ्या एकाच हाताने निर्धोक करून ठेवणे त्याला आवश्यक होते. आपला एक हात हँडलवर किंवा पिशवीवर असतो, एवढाच फरक.

चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) रिकामे ठेवले की सेफ्टीचा प्रश्नच उरत नाही, असे सांगणारी ज्येष्ठ मंडळीही इथे भेटतील, आणि नवख्या माणसाला पहिल्या वर्षी मीही चेंबर रिकामेच ठेवायला सांगतो. पण मग काडतूस चेंबरमध्ये घेण्यासाठी स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) ओढायला दोन्ही हात मोकळे लागतात हे ध्यानात ठेवावे. 1911 च्या किंवा जुन्या ब्राउनिंगच्या धर्तीच्या पिस्तुलात सेफ्टी लावली की स्लाइडही अडकते, म्हणून रिकामे चेंबर आणि वर लावलेली सेफ्टी हे दुहेरी कुलूप ऐन वेळी आपल्यालाच नडते. सर्वांत वाईट सवय म्हणजे दिवसा चेंबर रिकामे ठेवायचे, रात्री माल हलवताना ते भरायचे आणि घरी पोहोचल्यावर पुन्हा रिकामे करायचे. या अदलाबदलीत आज पिस्तूल कोणत्या अवस्थेत आहे याचा विसर एक दिवस पडतोच. त्यामुळे एकच अवस्था ठरवावी आणि ती बदलू नये. पुढे सरावाने चेंबर भरून बाळगायचे ठरवलेत, तर सेफ्टी लावूनच बाळगा आणि पकड घेताना अंगठ्याने ती खाली करण्याची हालचाल रिकाम्या पिस्तुलावर इतकी गिरवा की वेगळा विचार करावा लागू नये.

ही हालचाल गिरवण्यापूर्वी आपल्या पिस्तुलाचा खटका कोणत्या दिशेला फिरतो ते नीट पाहून घ्यावे. 1911 च्या आणि ब्राउनिंगच्या पद्धतीत फ्रेमवरचा (पिस्तुलाच्या खालच्या, न सरकणाऱ्या भागावरचा) खटका खाली केला की पिस्तूल गोळीबाराला तयार होते. वॉल्थर पीपी किंवा बेरेटा 92 यांच्या स्लाइडवरचा खटका मात्र खाली केला की सेफ्टी लागते, उठलेला हॅमरही (मागचा घोडा) खाली येतो, आणि गोळी झाडायची तर तो वर करावा लागतो. दिशा नेमकी उलट आहे. एकाच घरात वडिलांचे एका पद्धतीचे आणि मुलाचे दुसऱ्या पद्धतीचे पिस्तूल असेल, तर एकाने दुसऱ्याचे हत्यार हाताळू नये. परवानेही वेगवेगळे असतात, तेव्हा कायद्याच्या दृष्टीनेही तेच योग्य आहे.

खटक्याची कटकटच नको वाटत असेल, तर रिव्हॉल्व्हर घ्यावे. कानपूरच्या कारखान्यातून 2014 मध्ये आलेले बत्तीस बोरचे निर्भीक आपल्या धंद्यातल्या अनेकांना माहीत आहे. रिव्हॉल्व्हरला सहसा सेफ्टी नसते आणि हॅमर न उठवता ओढलेला चाप लांब व जड असतो. उठवलेल्या हॅमरचा चाप थोड्या जोराने सुटतो, तर या चापाला त्याहून बराच जास्त जोर लागतो, आणि हा जडपणाच तिथे सेफ्टीचे काम करतो. सराव करायला वेळ नसलेल्या माणसाला मी हेच सुचवतो. पण हलका चाप आणि सेफ्टी नाही, असे पिस्तूल केवळ दिसायला देखणे आहे म्हणून घेऊ नये.

होल्स्टरविषयी फारसे लिहिण्याची गरज नसावी, तरी बाजारातले मऊ कापडी होल्स्टर आपल्याकडे इतके दिसतात की सांगावेच लागते. चापाची कडी पूर्ण झाकणारे आणि पिस्तूल काढल्यावरही तोंड न मिटणारे कडक चामड्याचे किंवा प्लास्टिकचे होल्स्टर घ्यावे. शस्त्र नियम 2016 नुसारही सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावे लागते. शर्टावरून मिरवण्याची सवय गावाकडून आणली असेल, तर ती इथे महागात पडेल.

आता सीमेचा विषय, कारण नवीन माणूस इथेच सर्वांत जास्त गोंधळतो. परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते आणि केवळ महाराष्ट्रापुरता असलेला परवाना कोगनोळीच्या पुढे चालत नाही. निपाणीहून कागलला उधारी वसूल करायला जाणे, बेळगावहून शिनोळीमार्गे चंदगडला जाणे किंवा चोर्ला घाटाने गोव्यात उतरणे हा आपल्याला रोजचा रस्ता वाटतो, पण परवान्याच्या दृष्टीने ते दुसरे राज्य आहे. कायमचा मुक्काम हलवला असेल, तर तीस दिवसांच्या आत नव्या ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्याला लेखी कळवावे. बेळगाव शहराच्या हद्दीत हे काम पोलीस आयुक्तांकडे आणि बाकी जिल्ह्यात डीसींकडे असते. अर्जात मूळ गाव लिहिताना नुसते 'खानापूर' लिहू नये, 'खानापूर, जिल्हा सांगली' असे पूर्ण लिहावे, कारण खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यातही आहे आणि चौकशीचा कागद भलत्याच ठाण्यात जाऊन पडतो. कागदपत्रे कन्नडमध्ये असतात, म्हणून सही करण्यापूर्वी ती जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावीत. कर्नाटकातल्याच कोडगू (कूर्ग) जिल्ह्याच्या लोकांना परवान्यातून जी सूट आहे, तिचा बेळगावात राहणाऱ्या आपल्याशी काहीही संबंध नाही, हेही एकदा स्पष्ट करतो, कारण कर्नाटकात शस्त्राचे नियम सैल आहेत असा समज घेऊन काही जण येतात.

निवडणुकीच्या काळात शस्त्र ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो आणि पिस्तूल परक्या हाती देण्याचा तो सर्वांत धोक्याचा प्रसंग असतो. कर्नाटक विधानसभेची निवडणूक मे 2023 मध्ये झाली आणि महाराष्ट्राची नोव्हेंबर 2024 मध्ये, म्हणून गावाकडच्या भावाने पिस्तूल जमा केले की नाही यावर आपला निर्णय ठरवू नये; इथल्या ठाण्याची नोटीस पाहावी. ठाण्यात हवालदार विचारतो, "लोड ऐतेन्री?" (भरलेले आहे का?) त्यावर "इल्लरी, खाली ऐती" (नाही, रिकामे आहे) असे नुसते तोंडाने सांगून भागत नाही. नळी माणसांपासून दूर, शक्यतो जमिनीकडे ठेवून आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढावे, मग स्लाइड मागे ओढून धरावी, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहावे, करंगळीने चाचपावे, आणि उघड्या स्लाइडसह पिस्तूल टेबलावर ठेवावे. हा क्रम उलटला, म्हणजे स्लाइड आधी ओढून मॅगझिन नंतर काढले, तर नवे काडतूस चेंबरमध्ये जाऊन बसते आणि मॅगझिन हातात आहे म्हणून पिस्तूल रिकामे आहे असा समज होतो. या टप्प्यावर सेफ्टीवर विसंबणारा माणूस मला सर्वांत जास्त धोकादायक वाटतो. काही पिस्तुलांत सेफ्टी लावलेली असताना स्लाइड मागे येतच नाही, म्हणजे रिकामे करताना ती काढावीच लागते आणि सगळा भरवसा बोटावर आणि नळीच्या दिशेवर येऊन ठेपतो.

कायदाही यात सवलत देत नाही. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर बेफिकिरीने किंवा निष्काळजीपणे गोळी झाडून इतरांच्या जिवाला धोका निर्माण केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वरातीतला हवेतला गोळीबारही त्याच कलमात येतो.

शेवटचा मुद्दा दुकानावरच्या रखवालदाराचा. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्याने माजी सैनिक सहज मिळतात आणि ती शिस्तीची माणसे असतात. पण आपले पिस्तूल त्यांच्या हाती द्यायचे तर परवान्यावर रिटेनर (मालकाच्या वतीने शस्त्र बाळगणारा) म्हणून त्यांचे नाव असावे लागते. त्यांच्या हाताला लष्करातल्या ब्राउनिंगच्या धर्तीच्या 9 मिमी पिस्तुलाची सवय असते आणि त्या रचनेत मॅगझिन काढलेले असताना चाप चालत नाही. आपल्याकडच्या पिस्तुलात ती सोय असेलच असे नाही, म्हणून कामावर घेतल्याच्या दिवशीच त्यांच्यासमोर आपले पिस्तूल पूर्ण रिकामे करावे, मॅगझिनशिवाय चाप चालतो का ते भिंतीकडे नळी धरून दाखवावे, खटक्याची दिशा दाखवावी आणि तीच कृती त्यांच्याकडून करून घ्यावी.