चुंबकी स्क्रूड्रायव्हरला घाबरू नका, या चुका टाळा

गिरगावात शेजारच्या काकांचा कॉम्प्युटर उघडायला बसलो की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "अरे, तो चुंबकवाला स्क्रूड्रायव्हर लांब ठेव, नातवंडांचे फोटो जातील!" काकांची भीती खोटी नाही, जुनी आहे. फ्लॉपीला चुंबक लागला तर माहिती खरंच खराब व्हायची. काचेच्या जाडजूड मॉनिटरजवळ नेला तर पडद्यावर हिरवे-जांभळे डाग उठायचे. फ्लॉपी गेली, तो मॉनिटर गेला, भीती तेवढी घरात राहिली.

एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी येणारी चिपवाली साठवण) आणि पेन ड्राइव्हमध्ये माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते, तिला या चुंबकाने काही होत नाही. हार्ड डिस्कवरची माहिती चुंबकीय असते खरी. पण तबकडीवरची माहिती वाचणारा हात हलवण्यासाठी त्याच डबीत निओडिमियमचे असे जबर चुंबक बसवलेले असतात की दोन सुटे चुंबक हातात घेतले तर बोट चिमटतं. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाची ताकद त्यापुढे काहीच नाही. ती स्क्रू उचलण्यापुरती, आणि जरा अंतर पडलं की संपते.

खरं नुकसान करतो तो हातातून निसटलेला स्क्रू. साध्या, चुंबक नसलेल्या स्क्रूड्रायव्हरने काम करण्याची चूक इथेच भोवते. एम.टू एसएसडीचा (थेट मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य सर्किट बोर्डावर, बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीचा) स्क्रू ज्वारीच्या दाण्याएवढा. एकदा तो माझ्या हातून पडला, शोधला, मिळाला नाही, आणि मी दुसरा लावून मोकळा झालो. मशीन चालू केलं तर पंखे क्षणभर फिरायचे आणि बंद. रॅम काढून पाहिली, केबली बदलल्या, संध्याकाळ गेली. शेवटी कॅबिनेट आडवं करून हळूच हलवलं तेव्हा खडखड ऐकू आली. मदरबोर्ड आणि मागच्या पत्र्याच्या मधे स्क्रू अडकून शॉर्ट होत होता. तेव्हापासून नियम एकच: जेवढे स्क्रू काढले तेवढे मोजून परत लागल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

चुंबकी टोकाची काळजी घ्यायची ती वेगळ्याच कारणासाठी. त्याला लोखंडाचा बारीक कीस चिकटतो, आणि तो प्रोसेसरच्या सॉकेटच्या पिनांवर पडला तर शॉर्ट होऊ शकतो. काम सुरू करण्याआधी टोक चिकटपट्टीवर दाबून साफ करा. पितळी स्टँडऑफ (मदरबोर्डखालचे छोटे खांब) आणि स्टेनलेसचे काही स्क्रू चिकटत नाहीत. चुंबक उतरला असं समजून टोक पुन्हा पुन्हा चुंबकावर घासत बसू नका. मापाचं टोक मात्र हवंच, नाहीतर स्क्रूचं डोकं झिजतं आणि घसरलेलं टोक बोर्डावर ओरखडा काढतं. लॅमिंग्टन रोडवर सुटी टोकं असलेला सेट सहज मिळतो, तोच घ्या.

स्थिर वीज हा चुंबकापेक्षा मोठा शत्रू. बोटाला चटका जाणवायला साधारण 3,000 व्होल्ट लागतात, नाजूक चिप मात्र 100 व्होल्टच्या आतही जाऊ शकते. म्हणजे आपल्याला कळतही नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेत हा धोका कमी होतो, पण एसी ऑफिसात कार्पेटवर बसून काम करत असाल तर विसरू नका. प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा, मग रॅमला.

लॅपटॉपचा पडदा मधेच काळा होतोय? पडदा बदलायला धावू नका. झाकण मिटल्याचं ओळखणारा सेन्सर चुंबकावर चालतो. मनगटातलं चुंबकी कडं, मोबाइलचं चुंबकी कव्हर किंवा स्क्रू ठेवायची चुंबकी ताटली त्याच्या जवळ आली की मशीनला झाकण मिटलंय असंच वाटतं. एक लॅपटॉप दुसऱ्यावर ठेवला तरी हे होतं. वस्तू बाजूला करून बघा.

जुन्या स्पीकरमधले किंवा हार्ड डिस्कमधून काढलेले मोठे चुंबक मात्र खेळायला ठेवू नका. ते चालू हार्ड डिस्कपासून आणि चुंबकी पट्टीच्या कार्डांपासून लांब असू द्या, आणि घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्यांच्या छातीजवळ अजिबात नेऊ नका.