हिब्रू शास्त्रातले नालायक राजे: वाचताना या चुका टाळा

'राजा देवाने नेमलेला, त्याला बोलायचं नाही' हे बायबलच्या नावावर सर्रास खपवलं जातं. दाखला दावीदाचा देतात. दावीदाच्या जिवावर उठलेला राजा शौल एन-गेदीच्या गुहेत आयता तावडीत सापडला, तरी दावीदाने नुसता झग्याचा काठ कापून घेतला. इथेच वाचन थांबतं. पुढे दावीद बाहेर येऊन तो काठ दाखवतो आणि राजाला सगळ्यांदेखत जाब विचारतो, ते राहूनच जातं. हात उचलला नाही. तोंड मात्र बंद ठेवलं नाही.

नाबोथाच्या गोष्टीत सगळं खापर ईजबेल राणीवर फोडायची खोड तर फारच जुनी. तिचा नवरा, इस्राएलचा राजा अहाब, याला राजवाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन देणार नाही. राजा रुसला, जेवेना, तोंड फिरवून पडला. ईजबेलने त्याच्या नावाने, त्याच्याच शिक्क्याची पत्रं धाडली, आणि गावच्या वडीलधाऱ्यांनी चकार शब्द न काढता दोन खोटे साक्षीदार उभे केले. नाबोथाला दगडांनी ठेचून मारलं. त्या वडीलधाऱ्यांवर कुणी प्रवचन करत नाही, हे मला खटकतं. संदेष्टा एलीया येतो तो थेट अहाबाकडे: 'खून करून वर मालमत्ताही बळकावलीस?' (कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू घरांत मलिद्याच्या विधीच्या वेळी ज्याची आठवण काढतात, तो एलियाहू हन्नाबी हाच.)

गिदोनाचा वाचलेला मुलगा योथाम एक गोष्ट सांगतो, तिच्यात झाडं राजा शोधतात. जैतून, अंजीर, द्राक्षवेल नकार देतात, काटेरी झुडूप तयार होतं. 'चांगल्यांनी जबाबदारी टाळली' असा अर्थ लगेच काढू नका. योथाम बोलतोय शखेम गावच्या लोकांना. त्यांनीच देवळातली ७० चांदीची नाणी योथामाच्या सावत्र भावाला, अबीमलेखाला, दिली आणि पुढे त्यालाच राजा केलं. त्या पैशांवर त्याने गुंड पोसले आणि गिदोनाच्या ७० मुलांची कत्तल केली. रोख निवडणाऱ्यांवर आहे.

राजा मागणाऱ्या लोकांना संदेष्टा शमुवेलाने 'राजा तुम्हाला लुबाडेल' असा इशारा दिला, तो वाचून 'राजाच नको' असंही ठरवू नका. 'अनुवाद' या पुस्तकाच्या १७व्या अध्यायात राजा चालतो, फक्त घोडे, बायका आणि सोनंनाणं यांवर लगाम आहे.

राजांना कर्तबगारीने मोजू नका. इस्राएलचा राजा अम्री याने शोमरोन ही राजधानी वसवली, अश्शूरी लेखांत इस्राएल त्याच्या घराण्याच्या नावाने येतं. शास्त्र त्याला मोजक्या ओळींत निकालात काढतं. मनश्शे यहूदाच्या गादीवर ५५ वर्षं होता, आणि 'राजे' हे पुस्तक यहूदाच्या नाशाचं कारण त्यालाच ठरवतं. 'इतिहास' हे पुस्तक मात्र त्याचा पश्चात्तापही सांगतं. त्याच्यावर बोलायचं असेल तर दोन्ही पुस्तकं उघडा.