तुरुंगातून सुटलेला लेक घरी येतो तेव्हा: कॅलिफोर्नियातल्या लॅटिनो कुटुंबांसोबत पहिले पंधरा दिवस

कॅलिफोर्नियात क्लिनिकमध्ये, औषधांच्या दुकानात किंवा स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या मराठी मंडळींसमोर अशी कुटुंबं येतात. सुटलेला माणूस बहुधा आईच्या किंवा बहिणीच्या घरी उतरतो. 'फामिलिया'चा, म्हणजे कुटुंबाचा, हा आधार फार मोठा असतो, पण नुसत्या मायेनं इन्शुलिन मिळत नाही. कोणी काय करायचं, हे सुटकेआधीच ठरवून द्या.

तुरुंगात असताना मेडी-कॅल, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा कॅलिफोर्नियाचा सरकारी आरोग्य विमा, थांबवलेलं असतं. ते सुरू करण्याचा अर्ज गेला का, हे घरच्यांनी तुरुंगातल्या समुपदेशकाला विचारावं. औषधांची यादी, अलीकडच्या तपासण्यांचे कागद आणि हातात औषधं घेऊनच माणूस बाहेर यावा. शुक्रवारी सुटला आणि कार्ड चालू नसलं, तर सोमवारपर्यंत मधुमेहाची गोळीही मिळत नाही. नागरिकत्वाचे कागद नसतील तर कोणताही फॉर्म भरण्याआधी स्थलांतर-कायद्याच्या वकिलाला विचारा. पॅरोल (इथे याचा अर्थ सुटकेनंतरची सरकारी देखरेख) असेल तर सुटकेनंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी पॅरोल अधिकाऱ्याकडे हजेरी असते, म्हणून डॉक्टरांची वेळ त्यानंतरची घ्या.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते अमली पदार्थांकडे. वॉशिंग्टन राज्यात 1999 ते 2003 या काळात सुटलेल्या कैद्यांच्या अभ्यासात, पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर लोकांच्या 12.7 पट आढळला. मुख्य कारण ओव्हरडोस. आत असताना शरीराची सवय मोडते, आणि बाहेर आल्यावर जुन्याच प्रमाणात घेतलं की श्वास थांबतो. घरात नालोक्सोनचा, म्हणजे ओपिऑइडचा (हेरॉइन, फेंटानिलसारख्या अफूवर्गीय पदार्थांचा) ओव्हरडोस उतरवणाऱ्या औषधाचा, 4 मिलिग्रॅमचा नाकातला स्प्रे ठेवा; तो चिठ्ठीशिवाय मिळतो. माणूस हलवूनही उठत नसेल तर एका नाकपुडीत एक स्प्रे मारा, लगेच 911 या आपत्कालीन नंबरला फोन करा, कुशीवर वळवा. 2-3 मिनिटांत हालचाल नसेल तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. पोलिसांच्या भीतीनं फोन लांबतो, तेवढ्या वेळात माणूस जातो. फोन कोण करणार, हे आधीच ठरवा. स्प्रे कुलपात ठेवू नका. ओपिऑइडचं व्यसन असेल तर डॉक्टरांच्या पहिल्याच भेटीत ब्युप्रेनॉर्फिन या व्यसनावरच्या औषधाबद्दल विचारा.

अव्हेनाल किंवा प्लेझंट व्हॅली तुरुंगातून आलेल्या माणसाला आठवडाभर खोकला, ताप, प्रचंड थकवा असेल, तर डॉक्टरांना व्हॅली फीव्हरची रक्ततपासणी करायला सांगा. हा आजार बुरशीनं होतो. न्यूमोनिया समजून दिलेली अँटिबायोटिक्स तिला लागू पडत नाहीत. मधुमेही माणसाला ती जास्त भोवते. हिपॅटायटिस सी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराचीही तपासणी मागा. 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी तो बहुतेकांचा बरा होतो.

"कसं वाटतंय?" असं विचारलं की "एस्तोय ब्येन", म्हणजे बरा आहे, एवढंच उत्तर येतं. सहन करणं हेच पुरुषपण, असं लहानपणापासून शिकवलेलं असतं. त्याऐवजी नेमकं विचारा: काल किती तास झोपलास? दार बंद असलं की घुसमट होते का? दुभाषी म्हणून त्याच्या लेकराला बसवू नका. क्लिनिकनं मोफत दुभाषी द्यायला हवा. लेकरासमोर बाप खरं बोलत नाही. आत्महत्येचे विचार असतील तर 988 ही हेल्पलाइन लावून 2 दाबायचं, स्पॅनिश बोलणारं माणूस मिळतं.

आणि त्याच भेटीत आईलाही विचारा, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या ती वेळेवर घेतेय का. त्याच्या धावपळीत त्याच आधी राहून जातात.