पावसाआधी अगाशीवरची डिश

दर पावसाळ्यात टीव्ही जातो म्हणून सगळं खापर पावसावर फोडू नका. घरगुती डिशचा सिग्नल केयू बँडवर, ११-१२ गिगाहर्ट्झच्या आसपास येतो. तरंगलांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर, त्यामुळे धो-धो सरीतले थेंब तो शोषतात आणि विखुरतात. जुन्या मोठ्या सी बँड डिशांना, म्हणजे लांब तरंगलांबीवर चालणाऱ्यांना, हा त्रास जवळजवळ नव्हता. सर ओसरली की सिग्नल आपोआप परततो. तो परतला नाही, तर गडबड अगाशीवर आहे, आणि ती मे महिन्यातच काढायची.

बडोद्यात पहिलं काम उत्तरायणाचं उरलेलं आवरणं. एलएनबीला, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, गुंडाळलेला मांजा कात्रीने कापून काढा, ओढू नका. पतंगाच्या नादात कोणीतरी डिशला टेकलेलं असतंच. ६० सेंटिमीटरच्या डिशचा झोत जेमतेम तीन अंशांचा. ती एखादा अंश सरकली तरी कोरड्या दिवसांत चित्र स्वच्छ दिसतं आणि पहिल्याच सरीला चौकोन पडायला लागतात. डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे बडोद्यातून जवळपास नेमका आग्नेयेला, सुमारे ५५ अंश वर. घरगुती डिश ऑफसेट, म्हणजे तिरक्या झोताची; ती दिसायला बरीच उभी असते, त्यामुळे ती समोरच्या गच्चीकडे बघतेय असं वाटतं. आड येणारी फांदी छाटताना मात्र वर, खऱ्या रेषेत बघा. ओलं पान सुक्यापेक्षा जास्त अडवतं. डिश पुन्हा जुळवताना एक जण खाली टीव्हीवरच्या सिग्नलच्या आकड्यांपाशी, एक वर, आणि मध्ये फोन. आकडा ‘स्ट्रेंथ’चा नाही, ‘क्वालिटी’चा वाढवायचा, कारण पाऊस सिग्नल खातो आणि वर गोंगाटही घालतो. मग नट आवळा, आवळताना आकडा पडला तर पुन्हा बघा.

केबलच्या टोकाचा कनेक्टर उघडून पाहाच. तांब्याची तार हिरवट-काळी दिसली तर टोक कापून नवा एफ कनेक्टर लावा आणि वरून रबर टेप ताणून गुंडाळा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, ते तांबं खातं. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, पाणी तिथूनच गळून पडेल. एलएनबीचं प्लास्टिकचं तोंड तडकलं असेल तर एलएनबीच बदला. चिकटपट्टीचे प्रयोग एका सरीपुरते.

एवढं करूनही जोराच्या सरीत जात असेल तर ९० सेंटिमीटरची डिश घ्या. क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे साडेतीन डेसिबलची जादा शिल्लक. तुफान कोसळत असताना तीही जाईल, पण कमी वेळ. पायथा मात्र भक्कम हवा, वाऱ्याचा जोरही त्याच पटीत वाढतो.

आणि घरच्यांना बजावून ठेवा: सिग्नल गेला म्हणून ऑटो-स्कॅन दाबायचं नाही, चॅनेलांची यादीच पुसली जाऊ शकते. विजा चमकत असताना अगाशीवरही जायचं नाही.